आण्णांचा घरातला आवाज

“म्हणजे नाहीच म्हणतोस?” यमुताईंनी विचारलं.

“नाहीच, बाई,” अभिनंदन म्हणाला. “मशीनमध्ये जे आहे ते मला सापडतंच. सापडलं नाही म्हणजे ते नाही.”

यमुताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला...

मी मनात म्हटलं, आता या पोराचं काही खरं नाही.

हा आमचा एडिटिंगचा स्टुडिओ. कोल्हापुरात, राजारामपुरीत, एका चपलांच्या दुकानाच्या वर. माहितीपट कापायचे आणि जोडायचे, हा इथला धंदा. मी इथं निवेदनं लिहितो. म्हणजे चित्र नीट बोलत असताना मध्येच तोंड घालतो.

यमुताई सरनोबत इथल्या मुख्य एडिटर. फिल्म हातानं कापायच्या काळापासून कापत आल्यात. सगळे त्यांना बाई म्हणतात, कारण त्यांच्यासमोर उभं राहिलं की शाळेत उभं राहिल्यासारखं वाटतं.

अभिनंदन मगदूम त्यांचा शिष्य. जयसिंगपूरचा. हुशार, वक्तशीर, आणि आपण हुशार आहोत हे क्षणभरही न विसरणारा.

स्टुडिओतलं सगळं जुनं फुटेज त्यानं नव्या सॉफ्टवेअरमध्ये लावलं होतं. एकेका तुकड्याला नाव, गाव, तारीख, माणूस कोण, करतोय काय. नको ते बाजूला काढलं होतं. “लायब्ररी स्वच्छ केली, बाई,” असं तो येता-जाता सांगायचा.

खोटं कशाला बोला, काम चोख होतं. तो यायच्या आधी एखादा शॉट शोधायचा म्हणजे आम्ही डिस्कांचे डबे उपसत बसायचो आणि एकमेकांवर खेकसायचो.

आता त्याला अजून स्वच्छ करायचं होतं. डिस्क भरत आली होती. बाजूला काढलेलं कायमचं पुसून टाकू का, असं तो बाईंना विचारून बसला होता.

“थांब जरा,” बाई म्हणाल्या होत्या.

कशासाठी ते सांगितलं नव्हतं. बाई सांगत नाहीतच.

तर त्या दिवशी दुपारी आमच्या बाकावर दोन माणसं बसली होती. हिंदुराव खाडे आणि त्यांची लेक विजयमाला.

हिंदुराव आण्णा म्हणजे कुस्तीच्या मैदानातला आवाज. कुणी पट काढला, कोण धोबीपछाडीला गेला, कुणाचा श्वास फुलला, आण्णा माईकवर सांगत राहायचे. मैदानाकडं पाठ करून बसलेल्या माणसालासुद्धा कुस्ती दिसायची.

दिवाळीनंतर त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आत गाठ होती. जीव वाचला, पण आवाजाची पेटीच काढावी लागली. आता गळ्याला पुढं एक भोक आहे आणि त्यावर पांढरं फडकं. श्वास तिथून चालतो.

आवाज कुठूनच येत नाही.

“पहिल्यापासून सांग गं,” बाई विजयमालेला म्हणाल्या. “ह्याला परत एकदा ऐकू दे.”

“आईला दिसत नाही,” विजयमाला म्हणाली. “साखरेनं डोळे गेले तिचे. कधीचे गेले. पण अडत नव्हतं काही. आण्णा दारात आले की ती विचारायची, कोण हाय? आण्णा सांगायचे. झालं.”

“आणि आता?”

“आता पण ती विचारती, कोण हाय?”

...

“आणि कोणच बोलत नाही, बाई.”

आण्णा फरशीकडं बघत होते.

“घाबरती ओ ती. घरात कोणतर शिरलंय म्हणती. परवा आण्णांच्या अंगावर तांब्या फेकला तिनं.”

आण्णांनी कपाळावरचं टेंगूळ आम्हाला दाखवलं. जरा कौतुकानंच दाखवलं.

“टाळी वाजवायची की,” मी म्हणालो. सांगितलं ना, मध्ये तोंड घालायची सवय आहे.

“वाजवली. टाळी कुणाची पण असती, म्हणाली.”

“मैदानातली कॉमेंट्री असेल की फोनवर. ती लावायची.”

“लावली ओ. ‘हे मैदानातलं. हे माझ्याशी बोलत न्हाईत,’ म्हणाली. मग माझ्या भाच्यानं कॉम्प्युटरवर आण्णांचा आवाज तयार केला. हुबेहूब. ‘मी आलो, हौसा,’ असं बोलायला लावलं त्याला.”

“मग?”

“आई म्हणाली, हा कोण बाप्या घरात घेतलाइस? काढ त्याला भाईर.”

माझे उपाय संपले.

घरातला आवाज पाहिजे होता. मैदानातला नव्हे, मशीनचा नव्हे, रोज दारातून आत येतानाचा. आणि तो जगात कुठं असलाच, तर आमच्याकडं असण्याचा संभव होता. कारण आम्ही पूर्वी कुस्तीच्या निवेदकांवर एक माहितीपट केला होता. तेव्हा आण्णांच्या घरी जाऊन एक अख्खी सकाळ शूटिंग केलं होतं. दुसऱ्या कुणी आण्णांना घरात रेकॉर्ड केलेलंच नव्हतं. घरातल्या माणसाचं बोलणं कोण रेकॉर्ड करून ठेवतंय?

“मी ह्यासाठी दोनदा येऊन गेलो,” विजयमाला म्हणाली. कोल्हापूरच्या बायका ‘गेले’ म्हणत नाहीत, ‘गेलो’ म्हणतात. “हे अभिनंदन म्हणतात, नाही. आण्णा खुणेनं सांगतात, त्या दिवशी मी तिला हाक मारलीय. नक्की मारलीय.”

आण्णांनी जोरात मान हलवली.

“आण्णांना तसं वाटत असेल,” अभिनंदन म्हणाला. मऊ आवाजात म्हणाला, पण म्हणाला.

“परत शोध,” बाई म्हणाल्या. “माझ्यासमोर.”

“बाई, मी सगळ्या प्रकारे...”

“सगळ्या प्रकारे शोध.”

तो मशीनसमोर बसला. बोटं मोडली. आम्ही मागं उभे राहिलो.

“हा साधा शोध. नावाचा.” त्यानं ‘हिंदुराव खाडे’ टाकलं. पडदाभर आण्णाच आण्णा झाले. मैदानात आण्णा, फेट्यातले आण्णा, खुर्चीत बसलेले आण्णा.

“ह्यातलं सगळं बघितलंस?”

“शब्दन् शब्द ऐकलाय. सगळं कॅमेऱ्याकडं तोंड करून बोललेलं आहे.”

“पुढं.”

“हा बोलण्यातला शोध. मशीन सगळ्यांचं बोलणं ऐकून लिहून ठेवतं. त्या लिहिलेल्यात शब्द शोधायचा.” त्यानं ‘हौसा’ टाकलं.

पडदा कोरा झाला.

“बघा. एकदाही नाही,” तो म्हणाला. “पूर्ण मुलाखतीत काकूंचं नाव कुठंच नाही. सगळीकडं ‘आमची मंडळी’ आहे.”

“काय आहे?”

“आमची मंडळी. आमच्या मंडळींनी सांभाळून घेतलं, आमची मंडळी माळकरी आहे, असं.”

“हं,” बाई म्हणाल्या.

त्या ‘हं’कडं त्याचं लक्ष गेलं नाही. माझं गेलं, पण मला तरी कुठं काय कळलं होतं.

“आता चेहऱ्यावरून.” त्यानं आण्णांचा एक फोटो मशीनला दाखवला. मशीननं पुन्हा सगळे आण्णा आणले, आणि सोबत मोठ्या मिशांचे दोन-तीन भलतेच पैलवान.

“तारखेवरून.” त्या सकाळचं सगळं आलं. दार, अंगण, ढाली, गदा, भिंतीवरचे फोटो, मुलाखत.

“चित्रावरून. एक चित्र द्यायचं, तसली सगळी आणून देतं.” त्यानं आण्णांच्या घराचं दार दिलं. मशीननं जिल्ह्यातली दारं आणून मांडली. आण्णा एकेक दार वाकून बघत होते. आपलं आलं की बोट ठेवत होते. त्या दारात कुणी बोलत नव्हतं.

अभिनंदनच्या मानेवर आता घाम दिसायला लागला.

“आणि हा सगळ्यात नवा, बाई. ह्याला अर्थ कळतो. नेमका शब्द लागत नाही. काय घडतंय तेवढं सांगायचं.” त्यानं लिहिलं, ‘नवरा बायकोला प्रेमानं हाक मारतो’.

मशीन जरा विचारात पडलं.

मग एक शॉट आला. शिरोळकडचा. एक शेतकरी तळ्याच्या काठावर उभा राहून म्हशीला हाका मारत होता.

...

आणि मग माझ्या शेजारी काहीतरी हलायला लागलं. आण्णांचे खांदे. आण्णा हसत होते. तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, गळ्यावरचं फडकं आत-बाहेर होतंय आणि आवाज मात्र अजिबात नाही. विजयमालेला हसू आवरेना. मग मलाही.

अभिनंदन तेवढा हसला नाही.

“अजून एक शोध आहे,” तो म्हणाला.

बाईंनी हात पुढं करून पडदाच बंद केला.

“बाई, अजून एक...”

“असू दे.”

त्यांनी एक खुर्ची ओढली आणि आण्णांच्या पुढ्यात बसल्या. दोघं साधारण एकाच वयाचे. एकानं जन्मभर बोलायचं काम केलं, दुसरीनं दुसऱ्यांचं बोलणं कापायचं.

“आण्णा, हाक कधी मारली तुम्ही? आधी? नंतर? मध्ये?”

आण्णांनी हात पसरले. आठवत नव्हतं.

“बरं. मग ती सकाळ करून दाखवा. आमची माणसं दारात आली. पुढं?”

आण्णांना हे आवडलं. ते उठले. टोपी नीट केली. दारातल्या माणसांना हात जोडले, या या केलं. खुर्ची मांडली. धोतर आवरून खुर्चीत बसले. मग त्यांनी हनुवटी वर केली आणि दोन बोटांनी सदऱ्याची छाती पुढं धरली. कुणीतरी पुढून वाकून सदऱ्याला काहीतरी अडकवत होतं, तोवर ते तसेच थांबले.

ती तशी धरलेली असतानाच त्यांनी मान मागं वळवली. आतल्या खोलीकडं. ओठ हलले...

मग मान पुढं आली. सदरा सोडला, घसा खाकरल्यासारखं केलं, छाती काढली आणि उजवा हात वर उचलला.

“थांबा,” बाई म्हणाल्या. “परत.”

आण्णांनी परत केलं. सदरा धरला. मान मागं. ओठ हलले. मान पुढं.

“माईक लावताना,” विजयमाला हळूच म्हणाली.

बाई तिच्याकडं न बघता म्हणाल्या, “अभिनंदन, तुझा आजा आजीला कशी हाक मारायचा रे?”

“आजोबा?” तो गोंधळला. “‘ऐकलं का’ म्हणायचे. नाहीतर नुसतंच ‘अगं ए’.”

“नावानं?”

“छे. चारचौघांत? कधीच नाही.”

“आणि समोर कॅमेरा चालू असताना?”

“मग तर...”

तो थांबला.

बाई उठल्या. वाकल्या. त्याच्या टेबलाखालची कचऱ्याची बादली उचलली. आत चहाचे कागदी कप होते, केळ्याची साल होती, माझ्याच एका निवेदनाची फाडलेली पानं होती. ती बादली त्यांनी आणून त्याच्या कीबोर्डवर ठेवली.

आणि परत जाऊन आपल्या जागेवर बसल्या.

अभिनंदन बादलीकडं बघत राहिला. आधी त्याच्या तोंडावर राग होता. मग प्रश्न होता. मग पोराच्या तोंडावरचा रंगच उतरला.

त्यानं बादली हळूच खाली ठेवली. पडदा चालू केला. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक चौकोन होता, त्यात बरोबरची खूण केलेली. ‘रिजेक्ट केलेलं लपवा.’

ती खूण त्यानं सॉफ्टवेअर बसवलं त्या दिवशी केली होती. प्रत्येक रोल उघडायचा, ‘ॲक्शन’ म्हणेपर्यंतचं सगळं रिजेक्ट, ‘कट’ म्हटल्यानंतरचं सगळं रिजेक्ट, अशी त्याची कामाची पद्धत. नाव, चेहरा, तारीख, अर्थ, काहीही शोधलं तरी मशीन तेवढं सोडून बाकीच्यातच शोधत होतं. मशीनची काही चूक नव्हती. त्याला जिथं बघू नको सांगितलं होतं, तिथं ते बघत नव्हतं.

त्यानं खूण काढली.

डाव्या बाजूला लाल पट्ट्यांचे तुकडे ओळीनं यायला लागले. येतच राहिले. त्यानं त्या सकाळचा, मुलाखतीच्या आधीचा तुकडा शोधला. शोधला कसला, समोरच होता.

चित्रात काही नव्हतं. कॅमेरा अजून खाली तोंड करून होता. फरशी, खुर्चीचा एक पाय, आण्णांच्या धोतराचा काठ.

आतून भांड्यांचा आवाज येत होता.

“आण्णा, माईक लावतोय हं. अजून चालू न्हाई,” कॅमेरामन म्हणाला. रेकॉर्डिंग मात्र चालूच होतं.

भांडी थांबली. आतून बाईमाणसाचा आवाज आला. “कोण आलंय?” आणि मग जरा वेळानं, जरा घाबरून, “कोण हाय?”

“मीच हाय गं, हौसा. हितंच हाय.”

...

मैदानातल्या आण्णांना मी कितीदा ऐकलंय. हा माणूस मी कधीच ऐकला नव्हता. आवाज जरासा बसका, जरासा दमलेला, कसलीच घाई नसलेला. घरी येऊन चपला काढल्यावर माणूस बोलतो तसा.

मग खुर्ची सरकली, घसा खाकरला गेला, लांबून कुणीतरी ‘ॲक्शन’ म्हणालं आणि दणदणीत आवाज आला, “रामराम कुस्तीशौकीन!”

अभिनंदननं तो तिथंच बंद केला.

आण्णांचा हात गळ्यावरच्या फडक्यावर गेला होता. त्यांनी दुसऱ्या हातानं खूण केली. परत.

परत लावलं.

अजून एकदा.

पुढच्या वेळी आण्णांचे ओठ त्या आवाजाबरोबर हलले. मीच हाय गं, हौसा. एकही शब्द मागंपुढं झाला नाही. विजयमाला भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. मीही रडलो, त्यात लपवायचं काय? ज्याला रडू आलं नसतं त्याच्याबरोबर मी काम केलं नसतं.

अभिनंदन रडला नाही. तो एकदम कामाला लागला. माणसाला लाज वाटली की तो कामाला लागतो.

“मी साफ करून देतो,” तो म्हणाला. “भांड्यांचा आवाज काढतो. मागची खरखर काढतो. एकदम स्वच्छ करतो.”

“भांडी कुणाची आहेत?” बाईंनी विचारलं.

“...काकूंची.”

“मग राहू देत.”

त्यानं हात मागं घेतला. आण्णांचं तेवढं वाक्य, भांड्यांसकट, जसंच्या तसं त्यांच्या फोनवर घातलं. एक मोठं बटण करून दिलं. कसं दाबायचं ते शिकवलं. आण्णांनी पहिल्यांदा चुकून टॉर्च लावला. मग जमलं.

जाताना आण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं मान वर केली नाही. आण्णांनी हात बराच वेळ तसाच ठेवला आणि मग लेकीचा खांदा धरून जिना उतरले.

बाई आपल्या कामाला लागल्या. अभिनंदन नुसता बसून राहिला. समोर लाल पट्ट्या तशाच होत्या.

दिवेलागणीला विजयमालेचा फोन आला. बाईंनी स्पीकरवर टाकला.

“गेलो आम्ही घरात,” ती म्हणाली. “आई चुलीपुढं होती. हात पिठात. मी काय बोललो नाही, बाहेरच थांबलो. आण्णा दारात उभे राहिले.”

“मग?”

“आई म्हणाली, कोण हाय? आण्णांनी दाबलं कसंतर बटण.”

“मग?”

“आईनं भाकरी थापायची थांबवली...”

फोनवर नुसताच श्वास ऐकू आला.

“अगं बोल की!” मी ओरडलो.

“‘मग आत या की,’ म्हणाली. ‘दारात कशाला उभारलायसा?’”

बाईंनी डोळे मिटले.

“आणि आता भांडायला लागलीय ओ,” विजयमाला रडत-हसत म्हणाली. “ऑपरेशनचं माहीत हाय तिला, बोलता येत न्हाई माहीत हाय, तरी भांडती. इतके दिवस नुसतेच घरात हिंडत होता, चोरासारखे, म्हणती. आण्णा बसलेत ऐकत. परत परत बटण दाबतात. ती म्हणती, कळलं, कळलं, हितंच हाय, भाकरी खावा आता.”

फोन ठेवल्यावर मी अभिनंदनकडं बघितलं. त्याची खुर्ची रिकामी होती. तो कधी उठून गेला, मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वेळेवर आला नाही. असं त्यानं कधी केलं नव्हतं. मी दोनदा जिन्यातून डोकावून आलो. बाईंनी एकदाही विचारलं नाही.

त्या त्याच्या मशीनवर बसल्या होत्या. लाल पट्ट्यांचा पहिला रोल उघडलेला. कानाला हेडफोन, एका कानावर ठेवलेला, एक मोकळा. पडद्यावर कुणाच्या तरी अंगणातली माती आणि एका कोंबडीची शेपटी दिसत होती. शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवली होती. मला वाटलं माझ्यासाठी, म्हणून बसायला गेलो. बाईंनी नुसतं बघितलं. मी परत माझ्या कोपऱ्यात आलो.

जिन्यात पावलं वाजली. दारापाशी थांबली.

बाई वळल्या नाहीत.

“कोण?”

...

“मीच, बाई.”

अभिनंदन उंबऱ्याबाहेर उभा होता. डोळे सुजलेले. हातात स्टुडिओच्या किल्ल्या होत्या, पुढं धरलेल्या.

“रात्रभर विचार केला,” तो म्हणाला. “आण्णांचं एक निघालं. बाकी ढीग तसाच आहे. कुणाकुणाचं काय टाकलंय, मला माहीत नाही. मी ऐकलंसुद्धा नाही, बाई. नुसतं ओढलं आणि टाकलं.”

“हं.”

“आणि पुसायला निघालो होतो. तुम्ही थांब म्हणाला नसता तर...”

पडद्यावरची कोंबडी चित्रातून निघून गेली.

“ते सगळं परत ऐकायचं म्हणजे वर्ष जाईल,” तो म्हणाला.

“जाऊ दे.”

“दुसरं कुणीतरी बघा ह्याला. तेच सांगायला आलोय. मला शोधता येतं असं वाटत होतं. मला येत नाही. माझ्यासारखा माणूस ठेवून काय करणार तुम्ही?”

मी तोंड उघडलं होतं, मध्ये काहीतरी बोलणार होतो. जन्मात पहिल्यांदा ते मिटून घेतलं.

बाईंनी हेडफोन काढला. तो शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. अजूनही त्या पडद्याकडंच बघत होत्या.

“मग आत ये की,” त्या म्हणाल्या. “दारात कशाला उभारलाइस?”